विसाव्याचा आकडा

दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागूनच, एक खोली होती. तिला सगळे विसाव्याची खोली म्हणत. दारावर तिचं लांबलचक खरं नाव लिहिलेलं होतं, पण ते पूर्ण वाचायला कुणाला सवड नसायची. आत एक पलंग, एक खुर्ची, एक यंत्र आणि भिंतीवर एक बंद घड्याळ. टिकटिक नको म्हणून त्यातला सेल काढून ठेवलेला होता.

इथे येणाऱ्याने आदल्या रात्रीनंतर काही खायचं नाही, सकाळचा चहासुद्धा घ्यायचा नाही. आल्यावर गुमान वीस मिनिटं पडून राहायचं. मग डोक्यावर पारदर्शक झाकण यायचं, केकवर ठेवतात तसलं, आणि त्याखाली आणखी अर्धा तास. झोपायचं नाही, बोलायचं नाही, पाय हलवायचे नाहीत. तेवढ्या वेळात माणूस किती प्राणवायू घेतो आणि काय बाहेर टाकतो ते यंत्र मोजायचं आणि शेवटी एक आकडा काढून द्यायचं. या माणसाने दिवसभर बोटही हलवलं नाही, तरी त्याचं शरीर एवढ्या कॅलरी जाळणार.

लोकांना हे काही केल्या पटत नसे. "नुसतं लोळून काय डोंबल जळणार?" असं एकदा एक भाजीवाला म्हणाला होता. त्यावर तिथली बाई म्हणाली, "तुम्ही लोळा हो, पण तुमचं काळीज सुट्टीवर गेलं तर कसं व्हायचं?" भाजीवाला त्यानंतर अर्धा तास एवढा घाबरून पडला होता की त्याचा आकडा फुकट गेला आणि त्याला पुन्हा बोलवावं लागलं.

ही बाई म्हणजे चिमी. वय चव्वेचाळीस, कानाजवळचे केस पिकलेले, नाकावर चष्मा, दवाखान्यात सगळे तिला अहो-जाहो करायचे. पण घरी ती चिमीच होती, कारण लहानपणी चिमणीएवढं खायची आणि थोरल्या बहिणीने तिला तेव्हा ठेवलेलं नाव कधी बदललं नाही.

या खोलीची एक पद्धत होती. दर सोमवारी, पहिला माणूस यायच्या आधी, चिमी स्वतः उपाशीपोटी त्या पलंगावर पडायची आणि झाकण ओढून घ्यायची. यंत्राची खरी तपासणी वर्षातून एकदा, कंपनीचा माणूस येऊन करायचा. मधल्या आठवड्यांत यंत्र भरकटलं तर कळायचं कसं? चिमीला काम शिकवणाऱ्या बाईंनी हा तोडगा काढला होता. ज्या अंगाचा आकडा आपल्याला पाठ आहे ते अंग यंत्राखाली घालायचं. आकडा जुळला तर यंत्र ठीक, नाही जुळला तर यंत्र प्रत्येक आकडा ज्याने गुणून दाखवतं तो गुणक जरासा फिरवायचा, जुळेपर्यंत.

चिमीचा आकडा होता बाराशे बारा. वजन, उंची आणि वय घालून सूत्राने काढला तर अकराशे नव्याण्णव यायचा, पण सूत्र म्हणजे शेवटी अंदाजपंचे. मोजून आलेला बाराशे बारा. नऊ वर्षांत तो पाच-दहाच्या वर इकडे-तिकडे सरकला नव्हता. चिमीला त्याचा मनापासून अभिमान होता. कुणी दिसण्याचा मिरवतं, कुणी आवाजाचा. ती याचा मिरवायची.

थोरली बहीण, म्हणजे ताई, तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई-वडील दोघंही लवकर गेले तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती. तिने शाळेत गणित शिकवायची नोकरी धरली आणि चिमीला वाढवलं. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "एक कार्टी आयती मिळाली आहे, दुसरी कशाला?" पुढे चिमीनेही लग्न केलं नाही आणि दोघी त्याच दोन खोल्यांच्या घरात राहिल्या. भांडायच्या, अबोला धरायच्या आणि संध्याकाळी एकाच भांड्यातली कॉफी प्यायच्या.

त्या वर्षी ताईला मोठा ताप आला. ताप गेला, पण ताईला घेऊनच निघाल्यासारखा गेला. वजन एकेचाळीस किलोवर आलं. डॉक्टरांना कारण सापडेना. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं आणि खाणंही दोन घासांवर आलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी शेवटी हात टेकले आणि म्हणाले, "विसाव्याचा आकडा तरी काढा, म्हणजे निदान नळीतून किती द्यायचं ते ठरेल."

तेव्हा एका सोमवारी चिमीने ताईला चाकाच्या खुर्चीतून वर आणलं. आधी नेहमीप्रमाणे स्वतः झाकणाखाली पडली. बाराशे बारा. मग घाईघाईने उठली, कारण ताई खुर्चीत कलंडायला लागली होती. तिला उचलून पलंगावर ठेवलं. ते अंग हातांना नको एवढं हलकं लागलं. तिने झाकण घातलं, यंत्राचं बटण दाबलं आणि अर्धा तास खिडकीकडे तोंड करून रडली.

आकडा आला आठशे अडतीस. सूत्राप्रमाणे साडेनऊशेच्या वर यायला हवा होता. चिमीला या आकड्यांचा अर्थ कुणी सांगायची गरज नव्हती. आतलं एकेक काम बंद करत निघालेल्या शरीराचा तो आकडा होता. तिने तो पेनाने कागदावर लिहिला आणि ताईला म्हणाली, "ठीक आहे."

"खोटं बोलताना तुझी डावी भुवई वर जाते," ताई झाकणातून म्हणाली.

पुढच्या आठवड्यात नळी घालायची होती. घालावी लागली नाही. बुधवारी ताईने आपणहून अंडं मागितलं. शुक्रवारी दोन मागितली. पंधरा दिवसांत ती भिंत धरून न्हाणीघरात जायला लागली, तीन आठवड्यांत भिंत सोडून. चिमीचा जीव भांड्यात पडला. डॉक्टर खुश झाले आणि कारण माहीत नसलेल्या माणसाला शोभेल असं गंभीर तोंड करून म्हणाले, "हळूहळू फरक पडतोच."

त्याच दिवसांत यंत्र भरकटायला लागलं. सोमवारी चिमीचा आकडा अकराशे एक्क्याऐंशी आला. तिने नाक मुरडलं, गुणक फिरवला आणि बाराशे बारावर आणून ठेवला. पुढच्या सोमवारी पुन्हा कमी. पुन्हा गुणक. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा. "म्हातारं झालंय," ती यंत्राला म्हणाली. आपल्या आकड्यावर शंका घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही. का यावं? वजन अठ्ठावन्नला अठ्ठावन्न होतं आणि बाईला सर्दीसुद्धा नव्हती.

बाकी ज्या गोष्टी घडत होत्या त्यांकडे तिने कानाडोळा केला. दवाखान्याच्या काचेच्या दाराला माणूस समोर आला की आपोआप उघडायची सवय होती. ते तिच्यासाठी उघडेना. ती समोर उभी राहून हात हलवायची, मागून कुणी आलं की त्याच्याबरोबर आत शिरायची. प्रवेशदाराशी कपाळावर तापमापक रोखून ताप बघणारी नर्स दोनदा दाबायची, तीनदा दाबायची आणि म्हणायची, "सेल गेला वाटतं." पुढच्या माणसाचा ताप त्याच सेलवर बरोबर दिसायचा. नखं कापायची वेळच येईना. शेजारणीची मांजर पूर्वी दिसेल तेव्हा चिमीच्या मांडीवर येऊन बसायची. आता ती मांडीपर्यंत यायची, पंजा ठेवून बघायची आणि उठून ताईकडे जायची. सकाळी अंथरुणाची घडी घालताना ताईची बाजू ऊबदार असायची आणि चिमी झोपलेली बाजू कुणी झोपलंच नसल्यासारखी गार.

आणि भूक. ती हळूहळू गेली. चिमी आधीच चिमणी, त्यामुळे तेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

दहाव्या आठवड्यात मोठे डॉक्टर खोलीत आले. हातात चार कागद होते.

"हे बघा. पंच्याऐंशी वर्षांचे आजोबा, सहा महिने पलंगाला खिळलेले. विसाव्याचा आकडा सतराशे! पैलवान आहेत का ते?"

चिमीने कागद बघितले. तिच्या खोलीतून गेलेला प्रत्येक आकडा फुगलेला होता आणि दर आठवड्याला आणखी फुगत गेला होता. तिला घाम फुटायला हवा होता. अंग मात्र कोरडं होतं.

"मी कंपनीच्या माणसाला बोलावते," ती म्हणाली.

कंपनीचा माणूस सोमवारी सकाळी आला. गोल, गप्पिष्ट, बोटांना स्पिरिटचा वास. त्याने एका बारक्या दिव्यात मोजून स्पिरिट भरलं, दिवा झाकणाखाली पेटवला आणि हात बांधून बसला. एवढं स्पिरिट जळलं की एवढाच प्राणवायू खर्च होणार, त्यात दिव्याला खोटं बोलता येत नाही, असं तो समजावत होता. दिवा जळून विझला. त्याने आकडे बघितले, डोकं खाजवलं आणि दुसऱ्यांदा दिवा लावला.

"बाई, यंत्रात काडीचाही दोष नाही," तो शेवटी म्हणाला. "गुणक कुणी फिरवले?"

"मी. माझ्या आकड्यावरून."

"मग यंत्र बरोबर होतं आणि तुम्ही चुकलात. सगळे गुणक काढून टाकलेत मी. पडा बरं आता, बघू."

चिमी पडली. अर्ध्या तासाने तो यंत्राच्या पडद्याकडे बघून हसला आणि ते हसणं अर्ध्यावरच राहिलं. आठशे चौऱ्याहत्तर.

"एवढ्यावर हिंडता-फिरता तुम्ही?" त्याने विचारलं. "कासवाचा आकडा आहे हा. डॉक्टरांना दाखवा, खरंच सांगतो." मग काहीतरी बोलायचं म्हणून त्याने यंत्रातल्या जुन्या नोंदी चाळल्या. "आणि ही काय भानगड? ही एक चाचणी अकरा आठवड्यांपूर्वी सुरू झाली ती बंदच केलेली नाही. तुमच्या नावावर आहे. आणि एकाच चाचणीत दोन माणसांचा श्वास."

चिमी उठून बसली. तिला तो सोमवार आठवला. ताई कलंडत होती. आपली चाचणी पूर्ण केल्याचं बटण दाबून, नवं नाव घालून, मग ताईला झाकण घालायचं. नऊ वर्षं डोळे मिटून केलेलं काम. त्या दिवशी तिने ते केलं नव्हतं. ती नुसती 'पुढे चालू' दाबून मोकळी झाली होती.

"काही होत नाही त्याने," तो म्हणाला. "यंत्राच्या लेखी तुम्ही आणि त्या एकच माणूस, एवढंच. 'पूर्ण करा' दाबलं की झालं. दाबू?"

"नको," चिमी म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला. "मी दाबते नंतर."

तो गेल्यावर तिने सगळ्या नोंदी गुणकाशिवायच्या, मूळ आकड्यांत छापून काढल्या. एका बाजूला तिच्या सोमवारचे आकडे. दुसऱ्या बाजूला ताईचे, कारण ताई तपासणीला एका सोमवाराआड येत होती. पहिल्या दिवशी बाराशे बारा आणि आठशे अडतीस. मग अकराशे एकतीस आणि नऊशे एकोणीस. मग एक हजार नव्वद आणि नऊशे साठ. गेल्या सोमवारी ताई अकराशे बावन्न, आणि त्या दिवशीचा चिमीचा मूळ आकडा आठशे अठ्ठ्याण्णव. तिने प्रत्येक ओळीची बेरीज केली. नंतर बोटांवर मोजून पुन्हा केली, जशी ताई तिला लहानपणी करायला लावायची.

प्रत्येक ओळीत दोन हजार पन्नास.

तिच्या अंगावर काटा आला नाही. अंगावर काटा यायलाही काही जाळावं लागतं. ती बराच वेळ 'पूर्ण करा' या बटणाकडे बघत बसली. ते दाबलं तर ज्याचं त्याला परत. तिचे बाराशे बारा तिला, ताईचे आठशे अडतीस ताईला. आणि आठशे अडतीसवर ताई किती दिवस काढणार होती, ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिने पडदा बंद केला आणि कागद पिशवीत घातले.

घरी आली तर ताई स्टुलावर उभी राहून वरच्या फळीवरचे डबे पुसत होती. गाल भरलेले, बाह्या दुमडलेल्या, तोंडात खिळ्यांसारखे दोन चिमटे धरलेले.

"उतर खाली! पडशील!" चिमी ओरडली.

"पडले तर तू आहेस की मोजायला," ताई चिमट्यांमधून म्हणाली आणि उतरली. तिने चिमीच्या गालाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "किती गार पडलीयेस गं! बाहेर थंडी आहे का?"

बाहेर लोक सावली शोधत चालले होते. "थोडीशी आहे," चिमी म्हणाली.

ताईने तिच्या भुवईकडे बघितलं आणि पुन्हा फडकं उचललं.

चिमीने मनाशी हिशोब मांडला होता. सातशेपर्यंत जाऊ द्यायचं, तोवर ताई पुरती सावरेल, मग बटण दाबायचं. पाच आठवड्यांनी, एका सोमवारी, आकडा सातशे दोन आला. ताई तेराशे अठ्ठेचाळीसवर असणार, मोजायची गरज नव्हती. चिमीने बटणावर बोट ठेवलं. मग तिला दिसलं ते ताईच्या मनगटाचं हाड, त्या पहिल्या सोमवारचं, कातडीतून वर आलेलं. तिने बोट काढून घेतलं. त्याच्या पुढच्या सोमवारी सहाशे चाळीस आला, तेव्हा तिने बटणाकडे बघितलंही नाही. तिला भीती वाटत होती, खूप वाटत होती, पण ती भीतीसुद्धा आता मंद होती, दुसऱ्या खोलीत कुणीतरी घाबरलंय अशी.

ती हळू चालायला लागली होती. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबायची. श्वास घ्यायचं विसरायची आणि मग आठवून घ्यायची. खोलीत येणारी माणसं तिच्याशी बोलता बोलता तिच्या मागच्या भिंतीशी बोलायला लागायची. एकदा एक बाई आत आली, इकडे-तिकडे बघून म्हणाली, "कुणीच नाही वाटतं," आणि निघून गेली. चिमी खुर्चीत बसलेली होती.

रविवारी ताईने पिशवी धुवायला काढली. आतले कागद टेबलावर ठेवले. संध्याकाळी चिमी कॉफी घेऊन आली तर ताई चष्मा लावून ते बघत होती. पस्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेल्या बाईला दोन रांगांमधला मेळ सापडायला किती वेळ लागणार? तिने समासात पेन्सिलीने बेरजा करून ठेवल्या होत्या.

"हे काय आहे?"

"यंत्र बिघडलं होतं, त्याचे कागद."

"भुवई, चिमे."

चिमीने कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. ताईने एवढंच विचारलं, "थांबवता येतं?"

"येतं. थांबवायचं नाहीये मला."

"मला विचारलंस?"

"तू मला विचारलं होतंस?" चिमी म्हणाली. "एकोणीस वर्षांची होतीस. कॉलेज सोडलंस. लग्न सोडलंस. तेव्हा विचारलंस मला?"

ताईने कागद नीट लावून बाजूला ठेवले. नंतर म्हणाली, "कॉफी गार होतेय." दोघींनी ती प्यायली. चिमीला वाटलं, ताईने मान्य केलं. ताई कधी वाद अर्धवट सोडत नाही, हे तिच्या त्या मंद झालेल्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ताई स्वतःच्या पायांनी तिसऱ्या मजल्यावर आली. जिना चढूनही तिला धाप लागली नव्हती. हातात एक मोठा डबा होता. चिमी नुकतीच पलंगावर टेकली होती.

"तू कशाला आलीस?"

"बघायला. रात्रभर झोप नाही मला. तुझा आकडा बघू दे एकदा, म्हणजे माझी खात्री पटेल की तू आज मरत नाहीयेस. मग जाते मी."

"हात लावायचा नाही कशाला."

"नाही लावत गं. बस म्हणालीस तर बसते, जा म्हणालीस तर जाते."

चिमीला तिला जा म्हणवेना. खरं सांगायचं तर ताई आली म्हणून तिला बरं वाटलं होतं. ती आडवी झाली आणि तिने झाकण ओढून घेतलं. ताईने खुर्ची पलंगाशी घेतली. डाव्या हाताने तिने चिमीचा हात धरला. तो हात चिमीला चुलीवरून आत्ताच उतरवल्यासारखा गरम लागला. अर्धा तास तसाच गेला. मग ताई पडद्याकडे वळली.

"पाचशे शहाण्णव," तिने वाचलं. मग तिने विचारलं, "ही जी चालू चाचणी आहे, ती कुणाच्या नावावर आहे?"

झाकणाखाली बोलायचं नसतं. तरी चिमी म्हणाली, "माझ्या."

"नक्की?"

"यंत्र आपल्या दोघींना एकच माणूस समजतं. नाव माझं आहे. का?"

"काही नाही. बरं झालं," ताई म्हणाली. तिने उजव्या हाताने चष्मा नीट केला आणि त्याच हाताने बटण दाबलं.

चिमी किंचाळली, पण झाकणाखाली तो आवाज फुंकरीएवढाच झाला. उठायला गेली तर अंगात उठण्यापुरतंही काही नव्हतं. मग ते यायला लागलं. आधी पावलांत, मग पोटऱ्यांत. पोटात काहीतरी वळवळलं आणि एवढ्या दिवसांनी तिला कळलं की आपल्याला पोट आहे. पडद्यावर सातशे झाले. नऊशे झाले. छातीत धडधड सुरू झाली, बोटांना मुंग्या आल्या, कपाळावर घाम आला. ती रडत होती आणि अश्रू गरम होते. ठीक आहे, ती मनात म्हणत होती, ठीक आहे. ताई आठशे अडतीसवर जाईल. आपण नळी घालू. चमच्या-चमच्याने भरवू. पुन्हा पहिल्यापासून. आपण करू.

बाराशे बारा.

तिने आकडा थांबायची वाट बघितली. तो थांबला नाही. बाराशे तीस. तेराशे. पंधराशे. तेव्हा तिला कळलं, ताईने नाव कुणाचं आहे ते का विचारलं. एकाच माणसाची चाचणी एकाच नावावर पूर्ण होते. दुसरं नाव त्या नोंदीत कुठे नव्हतंच, कारण तिनेच ते घातलं नव्हतं.

तिने झाकण भिरकावलं. आता अंगात एवढी ताकद होती की ते समोरच्या भिंतीवर जाऊन फुटलं. "ताई!"

ताईची मान खुर्चीच्या पाठीला टेकली होती. डोळे पडद्याकडे होते. हात अजून चिमीच्या हातात होता. तो कोमट झाला, मग गार झाला, आणि चिमीने तो दोन्ही हातांनी चोळला, तोंडाजवळ नेऊन त्यावर श्वास सोडला, स्वतःच्या पोटाशी धरला. तिचं सगळं अंग पेटलेलं होतं आणि त्यातलं काहीही त्या हातात परत जात नव्हतं. पडद्यावरचा आकडा दोन हजार पन्नासवर स्थिर होता. त्याच्याखाली लिहिलं होतं, चाचणी पूर्ण.

मग धावपळ झाली. डॉक्टर आले, नर्स आल्या, जे करायचं असतं ते सगळं केलं आणि थांबवलं. मोठे डॉक्टर म्हणाले की हृदय अचानक थांबलं, असं होतं कधीकधी, आणि वेदना झाल्या नसणार. ते चिमीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्हाला ताप आहे का? केवढ्या तापलात!"

ताईला खाली नेलं. बाहेरच्या बाकावर चिमीला बसवलं आणि कागदपत्रं होईपर्यंत थांबायला सांगितलं. कुणीतरी खोलीतला डबा आणून तिच्याशेजारी ठेवला. ती त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवून बसली. पण पोट भुकेने पेटलं होतं, तोंडाला सारखं पाणी सुटत होतं. तिला स्वतःची किळस आली. बहिणीला नेऊन अर्धा तास झाला नव्हता.

तिने डबा उघडला. उकडलेली अंडी, लोणी लावलेले पाव, बटाटे, वरच्या कप्प्यात सोललेली संत्री. ताईने पहाटे उठून दोन माणसांना पुरेल एवढं भरलं होतं, आणि चमचा मात्र एकच ठेवला होता.

चिमी रडत रडत जेवली. येणारी-जाणारी माणसं तिच्याकडे बघत होती आणि नजर वळवत होती. तिने शेवटच्या कणापर्यंत सगळं संपवलं, आणि तरी तिला भूक होती.